फारकतीचा स्टॅम्प आणि पोरांचा वाटा

कृष्णाकाठच्या एका गावाहून एका शेतकरी बांधवांचे पत्र आले आहे. पत्र लांबलचक आहे आणि मधे मधे अक्षर पुसट झाले आहे. मुलगी नऊ वर्षे नांदली. पदरी सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. दीड वर्षापासून ती माहेरी आहे, आणि आता दोन्हीकडच्या मंडळींना पटले आहे की हा संसार पुन्हा जुळणार नाही. पंच बसले. सासरची माणसे तीन लाख रुपये द्यायला तयार आहेत. बदल्यात मुलीने शंभराच्या स्टॅम्पवर फारकत लिहून द्यायची, आणि ‘यापुढे माझा व मुलांचा कसलाही हक्क राहिला नाही’ असे एक वाक्य त्यात घालायचे. ‘सही करू का? रोज उठून भांडण नको वाटते,’ असे दादा विचारतात.

दादा, सही करू नका. भांडण नको हे खरे आहे, पण या कागदाने ते मिटत नाही, पुढे ढकलले जाते.

पहिली गोष्ट स्टॅम्पची. आपल्याकडे बऱ्याच समाजांत काडीमोडीची जुनी रूढी आहे, आणि १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानेही अशी रूढी मोडीत काढलेली नाही. पण ती रूढी आपल्या जातीत खरोखर आणि पूर्वापार चालत आली आहे हे कोर्टात सिद्ध करावे लागते, आणि ते सोपे नसते. ते सिद्ध झाले नाही तर नोटरीच्या शिक्क्यालाही अर्थ उरत नाही. उद्या तुमच्या मुलीचे दुसरे लग्न ठरले किंवा जावयाने दुसरी केली, तर ते लग्न कायद्याने लग्नच धरले जाणार नाही. दोन्ही घरांना हा धोका सारखाच आहे, म्हणून तो पंचांपुढे मोकळेपणाने मांडा. सासरच्यांनाही तो पटेल.

दोघांची संमती आहे तर सरळ वाट आहे. याच कायद्यात १९७६ साली संमतीच्या घटस्फोटाचे कलम १३-ब आले. वर्षभर वेगळे राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा, आणि सहा महिन्यांनी पुन्हा कोर्टासमोर होय म्हणायचे. योग्य प्रकरणी हे सहा महिने माफ करता येतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितले. मधल्या काळात कोणीही संमती मागे घेऊ शकतो, म्हणून पैशाचे हप्ते या तारखांना बांधून घ्यावेत. काही रक्कम पहिल्या अर्जाच्या दिवशी, उरलेली दुसऱ्या तारखेला कोर्टातच, डिमांड ड्राफ्टने. रोख आणि तोंडी काही नको. एकमेकांवर फौजदारी केल्या असतील तर त्या मागे घेणेही त्याच दिवसाला जोडावे, आधी नव्हे.

आता तीन लाखांचे बघू. आकडा ऐकायला मोठा वाटतो. थोरली अठरा वर्षांची व्हायला अकरा वर्षे आहेत, म्हणजे १३२ महिने. तीन लाखांना १३२ ने भागा. महिन्याला पावणेतेवीसशे रुपये येतात, आणि तेही तीन जिवांना. माणशी रोजचे पंचवीस रुपये. धाकटा तर तेव्हा पंधरा वर्षांचाच असेल.

उलट बाजूने सासरची मिळकत मांडू. चार एकर बागायत, पैकी दोन एकर ऊस, दोन एकर सोयाबीन आणि दोन म्हशी असे तुम्ही लिहिले आहे. एकरी ४० टन आणि टनाला ३००० रुपये धरले तर उसाचे २ लाख ४० हजार. निम्मा खर्च गेला तर १ लाख २० हजार उरले. सोयाबीनचे खर्च जाता ३५ हजार धरा, दुधाचे चारा-पेंड जाऊन ६० हजार. म्हणजे वर्षाला २ लाख १५ हजार, महिन्याला अठरा हजारांच्या आत. त्या घरी सासू-सासरे आणि जावई ही तीन, तुमच्याकडे तीन. सहा तोंडांत सारखे वाटले तर तिघांचे नऊ हजारांच्या आसपास. सोसायटीचे कर्ज आणि म्हाताऱ्यांचे औषधपाणी त्यातून वजा करायला हवे, हे मान्य. कोर्टाकडेही यासाठी ठरलेले गणित नाही. ते दोन्हीकडची ऐपत, गरज आणि आतापर्यंतचे राहणीमान बघते. पण पावणेतेवीसशे आणि नऊ हजार यांत किती अंतर आहे, ते पंचांनी बघावे. सौदा या दोन आकड्यांच्या मधे कुठे तरी व्हायला हवा.

‘शेतीत काय उरते?’ असे म्हणून सगळे शून्यावर आणायची आपल्याकडे पद्धतच आहे. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत नवरा-बायको दोघांनीही आपली मालमत्ता, उत्पन्न आणि देणी शपथेवर लिहून द्यावीत असा दंडक घातला. त्यामुळे कागद जमवा. सातबारा, आठ-अ, पीकपाहणीची नोंद, कारखान्याची उसाची बिले, डेअरीचे पुस्तक, बाजार समितीच्या पट्ट्या. मुलगी शिवणकाम करीत असेल तर तिचेही उत्पन्न लिहावे. लपवाछपवी दोन्ही बाजूंनी नको.

‘जमीन सासऱ्याच्या नावावर, पोराच्या नावावर काहीच नाही,’ हे उत्तर तुम्हाला मिळाले आहे. नवरा हयात असताना बायकोला त्याच्या जमिनीत आपोआप वाटा मिळत नाही, आणि घटस्फोटानंतर ती वारसही राहत नाही. हे कडू आहे, पण खरे आहे. पण मुलांचे तसे नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर नातवाला आणि नातीलाही जन्मानेच हक्क आहे. आईने स्टॅम्पवर लिहिले म्हणून मुलांची पोटगी बुडत नाही. अज्ञान मुलाची स्थावर मालमत्ताही न्यायालयाच्या परवानगीशिवाय सोडून देता येत नाही. म्हणून ते वाक्य कागदातून काढायला लावा.

इथे एक तोड सुचते. सून घर सोडून चालली, तिला जमीन द्यायला सासऱ्याचे मन होत नाही. नातवंडांच्या नावे एक एकर करायला कदाचित होईल. जमीन रक्तातच राहते. आजोबांनी नातवंडांना शेतजमीन बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. बाकीचे आकार आणि इतर हिस्सेदारांच्या संमतीचे दुय्यम निबंधकाकडे व वकिलाकडे विचारून घ्यावे. मात्र विहिरीची पाण्याची पाळी आणि वाट कागदात लिहून घ्या. त्यावाचून दिलेला एकर म्हणजे निव्वळ बांधावरचे भांडण. आणि तिथे जाऊन कसणार कोण, याचाही विचार करा. माहेर पन्नास कोसांवर असेल तर मला पैसे बरे वाटतात.

पैसे दरमहा मागण्याचा आग्रह शेतकऱ्याच्या घरात फसतो. उसाचे बिल आल्याशिवाय आणि सोयाबीन विकल्याशिवाय हातात पैसा नसतो. मग हप्ता चुकतो आणि वसुलीच्या फेऱ्या सुरू होतात. त्यापेक्षा मुलीची एकरकमी रक्कम वेगळी आणि मुलांचा खर्च वेगळा धरावा. मुलांचा खर्च वर्षातून दोन हप्त्यांत द्यावा, एक दिवाळीला आणि एक उसाचे बिल आल्यावर. कायमच्या पोटगीसाठी देणाऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा ठेवण्याचा अधिकार कोर्टाला आहे. जावयाच्या नावे काही असेल तर तो जरूर मागावा. महागाई वाढते, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी किती वाढ द्यायची तेही आताच लिहावे.

अंगावरचे दागिने, माहेरची भांडी, रुखवतातली कपाट-पलंग ही मुलीची स्वतःची चीज आहे. ती तीन लाखांत धरायची नाही. स्त्रीधन सासरी असले तरी ते तिचेच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवले आहे. लग्नातले फोटो आणि सोनाराच्या पावत्या शोधा, यादी करा.

आणि दादा, एक बोलतो, राग मानू नका. तुमच्या स्वतःच्या सातबाऱ्याचे काय? २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. लग्नात खर्च झाला म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र घेतले असेल किंवा घ्यायचा बेत असेल, तर सासरच्यांना न्याय शिकवायला आपण कोणत्या तोंडाने जायचे? तिच्या भावांशी आताच बोला.

पंचांची पुढची बैठक होण्याआधी तालुक्याच्या कोर्टातील विधी सेवा समितीत जा. स्त्रीला तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. बोलणी चालू असली तरी पोटगीचा अर्ज टाकून ठेवा. पूर्वीच्या १२५ कलमाऐवजी १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमाखाली होतो, आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना चालतो. २०२०च्या त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. अर्ज नसल्याने गेले दीड वर्ष हिशेबात आलेले नाही. जाताना लग्नपत्रिका, मुलांचे जन्मदाखले, तिचे आधार कार्ड आणि पंचांनी लिहून दिलेला तो कोरा मसुदा बरोबर न्या.