कळ नसली तरी ईसीजी हवाच

निपाणीच्या तंबाखू वखारीत कुणाला दरदरून घाम फुटला, धाप लागली, की आधी सोडा मागवला जातो. माणूस मधुमेही असेल तर हा उशीर जिवावर बेततो. नसा बधिर झाल्याने छातीत कळ येतेच असे नाही. हृदयविकाराचा झटका ‘पित्त’ समजून अंगावर काढला जातो. शिवाय मधुमेहात प्लेटलेट अधिक चिकट, गुठळी अधिक घट्ट. ती विरघळवणारे इंजेक्शनही तोकडे पडू शकते.

म्हणून ते टाळावे काय? मुळीच नाही. नऊ मोठ्या चाचण्यांच्या १९९४ मधील एकत्रित विश्लेषणात या उपचाराने दर हजारी मधुमेहींचे ३७, तर इतरांचे १५ जीव वाचले. धोका जास्त, तिथे लाभही जास्त.

कर्नाटकच्या ‘पुनीत राजकुमार हृदयज्योती’ योजनेत तालुका रुग्णालयात टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मोफत देण्याची सोय आहे. बेळगाव गाठावे की कोल्हापूर, हा खल नंतर करावा. आधी जवळच्या दवाखान्यात ईसीजी, गरज असल्यास इंजेक्शन आणि मग लगेच अँजिओग्राफीसाठी रवानगी. आरोग्य खात्याने एवढा एकच नियम गावोगावी पोहोचवावा: मधुमेहीला अचानक घाम फुटला, तर सोडा नव्हे, ईसीजी.