पोट्ट्यांच्या कानात काय वाजते?

मंडळी, राम राम, जय गुरुदेव आणि जय भीम. ज्याचा जो नमस्कार असेल तो त्याने घ्यावा. आज तिन्ही मुद्दाम केले, कारण विषयच तसा आहे.

सध्या वरूडकडे कोणाच्याही ओट्यावर बसा, संत्र्याचे भाव बोलून झाले की दुसरी तक्रार निघते ती पोराची. कानात ती पांढरी बोंडे खुपसून बसतो. वावरातली मोटर बंद पडली असे तीनदा ओरडून सांगावे तेव्हा एक बोंड काढतो आणि विचारतो, "काय म्हन्ता?" तोच पोरगा वरातीत डीजेपुढे चार-चार तास नाचतो, आणि सकाळी फवारणीला चल म्हटले की कंबर धरतो. घरातली बुढी म्हणते, "कायचं गानं होय हे बाप्पा, वरात होय का भांडन होय, काई समजतच नाई."

तक्रार खोटी नाही. पण तुम्ही वीस वर्षांचे होता तेव्हा तुमच्या कानात काय वाजत होते, आणि त्याला तुमचा बाप काय म्हणत होता, तेही जरा आठवून पाहा.

आपल्या भागात सगळ्यांत जुनी आठवण निघते ती खंजिरीची. आजच्या पोरांना खंजिरी म्हणजे देवळात बसलेल्या म्हाताऱ्यांचे वाद्य वाटते. यात त्यांचा दोष नाही. त्यांनी ती म्हाताऱ्यांच्याच हातात पाहिली. पण ती ज्यांनी गावोगाव नेली ते माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे आपले तुकडोजी महाराज, १९०९ साली यावलीला जन्मले. १९३५ साली आपल्या शेजारच्या सालबर्डीला त्यांनी महायज्ञ केला, लाखांनी माणूस लोटले, त्याच साली मोझरीला गुरुकुंज उभे राहिले. हिशेब करा, तेव्हा महाराजांचे वय होते सव्वीस. पुढच्याच वर्षी गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून महिनाभर ठेवून घेतले. (तेव्हा त्या गावाचे नावही शेगावच होते. आपल्या गजानन महाराजांच्या शेगावशी टपालात घोटाळा होई म्हणून १९४० साली ते बदलले.) सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस हातात खंजिरी घेऊन उभा राहतो आणि गावची गावे वेडी होतात. समोर बसणारे सगळे काही सत्तर वर्षांचे नव्हते.

आणि खंजिरीच का? मृदंग घ्यायचा तर पैसा पाहिजे, तबला शिकायचा तर उस्ताद पाहिजे. खंजिरी म्हणजे लाकडाचे गोल कडे आणि एका अंगाला ताणलेले कातडे. पावसाळ्यात ढिली पडली की आगटीवर शेकायची, पुन्हा बोलू लागते. ती एका हातात मावते, आणि ती वाजवत चालताही येते. सालदाराच्या पोरालाही परवडते. दिवसभर डवरणी करून आलेला पोरगा संध्याकाळी ती हातात घेई, तेव्हा त्याला कोणी शिकवायला नसे आणि कोणी हटकायलाही नसे. गावोगावच्या सेवामंडळांत मग सामुदायिक प्रार्थना आली, पहाटेची रामधून आली, खराटा घेऊन गल्ली झाडणे आले. पोरगा प्रार्थनेला कोणाच्या शेजारी बसला, त्याची जात कोणती, हे तिथे विचारायचे नाही असा दंडक होता. सगळ्या गावांनी तो पाळला असे मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणणार नाही.

हे वाद्य किती बुढ्यांचे होते ते १९४२ साली कळले. महाराजांचा चातुर्मास त्या वर्षी चिमूरला होता. भजने मराठीत होती तशी हिंदीतही होती, आणि त्यांचा रोख कुणावर आहे हे ऐकणाराला सांगावे लागत नव्हते. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले, आष्टी पेटली. त्याच ऑगस्टात आपल्या तालुक्यातल्या बेनोड्याला आणि महाराजांच्या यावलीला गोळ्या चालल्या. या दोन्ही गावांच्या नावापुढे आजही 'शहीद' लिहितात ते उगीच नव्हे. वरूडहून बेनोड्याची पाटी ओलांडून बाजाराला जाताना आपण ती वाचतो आणि विसरतो. २८ ऑगस्टला महाराजांना चंद्रपूरला पकडले, नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवले, डिसेंबरात सोडले. सरकारला भजनाची भीती वाटली होती ती भजनामुळे नव्हे, ते म्हणणाऱ्या पोरांमुळे.

हे आपल्याच मुलखात घडते असे नाही. १९५७ च्या सुमारास विलायतेत लिव्हरपूल नावाच्या बंदराच्या गावी मजूर-कामगारांच्या पोरांना गाण्याचे वेड लागले. वाद्ये घ्यायला पैसे नव्हते, म्हणून त्यांनी आईची कपडे धुण्याची फळी आणि चहाचे रिकामे खोके वाजवायला घेतले. त्यांच्यातूनच पुढे बीटल्स निघाले, ज्यांचे नाव तुम्ही कुठेतरी ऐकले असेल. फळी काय आणि खंजिरी काय, ज्याला उस्ताद लागत नाही त्या वाद्यावर पोरे तुटून पडतात. तिकडेही आई-बापांनी कपाळाला हात लावले. १९६४ साली तर स्कूटरवाल्या पोरांची आणि मोटरसायकलवाल्या पोरांची समुद्रकाठी जुंपली; दोघांची गाणी वेगळी, कपडे वेगळे, केस वेगळे. देश बुडाला असे वर्तमानपत्रांनी लिहिले. देश बुडाला नाही. त्या पोरांचे आता नातू झाले, आणि तेही नातवांच्या गाण्याला नावे ठेवत असतील!

आपल्याकडे नावे ठेवणारे काही फक्त घरात नव्हते, सरकारातही होते. भजनात हमखास दिसणारी पेटी घ्या. ती परक्या मुलखाची, आपल्या सुरांना चालत नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ साली कुठे सैल केली. गावात मात्र पेटीशिवाय भजन बसत नव्हते. पुढे १९५२ साली केसकर नावाचे मंत्री आले, आपले मराठीच. सिनेमाची गाणी पोरांना बिघडवतात असे त्यांचे मत. आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली. मग काय झाले? पोरांनी काटा फिरवला आणि सिलोन लावले. त्याच वर्षी डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवारी रात्री आठ वाजता ज्याच्या घरी रेडिओ असेल त्याच्या ओट्यावर अख्खी आळी जमे. पहिल्या पायदानावर कोणते गाणे येणार यावर पैजा लागत. शॉर्टवेव्हचा आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ येई, दूर जाई, आणि नेमक्या आवडत्या ओळीला खरखर होई. आता ज्यांना मोबाइलवर पाहिजे ते गाणे पाहिजे तेव्हा मिळते, त्यांना त्या खरखरीची मजा कशी सांगावी?

शेवटी सरकार नमले आणि १९५७ साली विविध भारती आली. तरी सिलोनचा नाद सुटला नाही. फर्माईशीचे पोस्टकार्ड टाकायचे आणि आपले नाव, आपल्या गावाचे नाव कोलंबोहून ऐकायचे, यासाठी पोरे दिवसदिवस रेडिओशी बसत. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तलैया हे गाव साऱ्या हिंदुस्थानाला माहीत झाले ते अभ्रकासाठी नव्हे, फर्माईशीसाठी. आमचा पोट्टा कामातून गेला, असे तेव्हाच्या बापांनीही म्हटले. ते कामातून गेलेले पोट्टे म्हणजे आजचे तुम्ही, मंडळी.

पण त्याच गावात, त्याच काळात, सगळ्या आळ्यांत एकच गाणे नव्हते. हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धर्मांतर झाले आणि गावाच्या एका बाजूला सगळी गाणीच नवी झाली. सिन्नरकडच्या देशवंडीचे वामनदादा कर्डक, मोठेपणी अक्षर शिकलेला माणूस, बाबासाहेबांवर गाणी रचत गावोगाव फिरले; प्रल्हाद शिंद्यांच्या कव्वालीने रात्री जागल्या. पुढे दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाणारी पोरे येताना कॅसेटी घेऊन येत. ज्या पोराला गावच्या ओट्यावर बसायला जागा नव्हती त्याला त्या कॅसेटीने ताठ बसायला शिकवले. दुसऱ्या बाजूला खंजिरी, तिसरीकडे दंडार, आणि रेडिओ सगळ्यांचा. गावात नवा आलेला मास्तर रात्री कोणत्या दिशेने काय वाजते यावरून आळी ओळखत असे. हे भूषणाचे आहे की लाजेचे, ते ज्याचे त्याने पाहावे. मला दोन्ही वाटते.

आणि पोरी? त्यांना रेडिओचा काटा फिरवू देत नसत. त्यांची भुलाबाई होती. भादव्याच्या पुनवेपासून महिनाभर घरोघर टिपऱ्या घेऊन जायचे, सासरच्या तक्रारी भर अंगणात गाण्यातून सांगायच्या, आणि झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. सासूसमोर सुनेची कैफियत गाऊन दाखवायला हिंमत लागते. ती तेव्हा दहा-बारा वर्षांच्या पोरीत होती. आता भुलाबाई काही घरी बसते, बऱ्याच घरी बसत नाही. पण खंजिरी भजनाच्या स्पर्धांत महिलांची आणि मुलींची मंडळे उतरतात, आणि पुरुषांच्या मंडळांना घाम फोडतात.

कॅसेटीच्या काळाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुम्हा निम्म्या वाचकांच्या अंगावरचा आहे. कानावर केस, खाली रुंद पायाची पँट, हँडलला टेपरेकॉर्डर बांधलेली सायकल, आणि 'डिस्को डान्सर'. १९८२ साल. फोटो असेल घरी, पोराला दाखवा. त्याला हसू द्या.

जुने वाद्य नव्या पोरांच्या हाती जातच नाही असेही समजू नका. आकोटकडचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या पुढे मांडून वाजवतात आणि वऱ्हाडी बोलीत अंधश्रद्धेची, दारूची, हुंड्याची सालटी काढतात. ते पाहून कितीतरी पोरांनी सप्तखंजिरी धरली. एक खंजिरी म्हाताऱ्यांची वाटत होती; सात झाल्या आणि ती पोरांची झाली. ती कोण वाजवतो आणि काय बोलतो यावर सगळे आहे.

आता डीजेकडे येतो. इथे मी पोराची बाजू घेणार नाही, निदान पुरती घेणार नाही. एक तर कानाचा प्रश्न. ८५ डेसिबलचा आवाज माणसाने दिवसात आठ तास सोसावा, त्यापुढे नाही. १०० डेसिबलला ही मर्यादा पंधरा मिनिटांवर येते, आणि वरातीतल्या भिंतीएवढ्या पेट्यांपुढे पोरे तासन् तास नाचतात. कानाच्या आतल्या त्या बारीक पेशी मेल्या की मेल्या. ती काही पऱ्हाटी नव्हे की नांग्या भराव्यात. कायदाही आहे. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद पाहिजे, ठरवून दिलेले सणाचे थोडे दिवस सोडून. वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. किती गावांत पाळतात ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरी गोष्ट मला कानापेक्षा जास्त टोचते. आता जातीजातीची गाणी निघाली आहेत. आपल्या आळीत लावली तर लावा, हौस आहे. पण वरात मुद्दाम दुसऱ्याच्या दारासमोर थांबवायची, तेच गाणे लावायचे आणि आवाज वाढवायचा, याला गाणे म्हणत नाहीत. लिव्हरपूलच्या पोराने आईची फळी वाजवली ती शेजाऱ्याला डिवचायला नव्हे. वामनदादांची कव्वाली ऐकून पोराची मान वर झाली ती दुसऱ्याची खाली करण्यासाठी नव्हे. हे पोराला बापानेच सांगितले पाहिजे, पोलीस पाटलाने सांगेपर्यंत थांबू नये. बाप स्वतःच त्या वरातीत पुढे असेल तर मग काय बोलणार!

आणि हे सांगायचे तर आधी बोलणे पाहिजे ना? संत्र्याची झाडे वाळताहेत, पंचविशी उलटली तरी लग्न ठरत नाही, सोबतचे दोघे पुण्याला कंपनीत गेले, आणि हा एकटा मागे राहिला आहे. त्याच्या कानातल्या बोंडांत काय वाजते ते आपण विचारलेच नाही. नुसते "थे डबडं बंद कर" एवढेच म्हटले. एक दिवस बंडीवर, नाही तर ट्रॅक्टरवर, शेजारी बसून एक बोंड मागून आपल्या कानात घालून पाहा. गाणे आवडणार नाही. पण यात काय म्हटले आहे बाबू, असे विचारा. तो सांगेल. बहुतेक ते त्याच्याचसारख्या कुठल्या तरी पोराने केलेले निघेल.

देवळातली खंजिरी खुंटीला टांगलेली असेल तर तीही उतरवून पोरांना वाजवू द्या. फुटली तर फुटली, कातडे नवे बसते.

तुमच्या गावात तुमच्या विशीत संध्याकाळी कोण कुठे बसून काय वाजवत असे, ते पोस्टकार्डावर कळवा. गाणे पुरते लिहून पाठवू नका, जागा नाही. नुसती माणसे, ओटा आणि वाद्य कळवा. भुलाबाईच्या आठवणी आया-बहिणींनी वेगळ्या पाठवाव्यात. पुढच्या अंकात संत्र्याच्या झाडाला बोर्डो पेस्ट कशी लावावी, ते पाहू.