कोशिंबिरीला मीठ कधी घालावं?

शहरातल्या कितीतरी घरांत आता पोळ्या बाहेरून येतात. कुठे पोळी-भाजी केंद्रातून, कुठे डब्यातून, कुठे पोळ्यांच्या मावशी सकाळी येऊन करून जातात. त्यात वाईट काही नाही. दिवसभर नोकरी करून, गर्दीत उभ्याने प्रवास करून आलेल्या माणसाने रात्री कणीक मळायलाच हवी, असं मी कुणालाही म्हणणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे की पानाची डावी बाजू घरी करावी. चटणी, कोशिंबीर, रायतं, भरीत. फार तर पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि त्यातही गॅस बहुतेकदा फोडणीपुरताच लागतो.

या आग्रहाला एक कारण आहे. उसळ डब्यातून येते, आमटी येते, भरलं वांगं तर मुरून जास्तच चांगलं लागतं. कोशिंबीर मात्र डब्यातून येऊच शकत नाही. तासाभरात तिला पाणी सुटतं, कूट फुगतं, कोथिंबीर काळवंडते. ती जिथे खायची तिथेच आणि खायच्या वेळीच करावी लागते. म्हणून तर पोळी, भाजी, भात सगळं बाहेरून आलेलं असलं, तरी वाटीभर ताजी कोशिंबीर केली की ते जेवण आपल्या घरचं होतं.

माझी भाची नोकरीसाठी बंगळुरूला असते. तिचा परवा फोन आला, “मावशी, तू सांगितलंस तशीच काकडी केली, पण पानात नुसतं तळं झालं गं.” मी विचारलं, मीठ कधी घातलंस? तर म्हणाली, चिरल्या चिरल्या, म्हणजे चांगलं मुरेल म्हणून! काकडीत शंभरात पंचाण्णव भाग पाणीच असतं. मीठ पडलं की ते पाणी पेशींतून बाहेर ओढलं जातं. साखरही तेच काम करते, थोडं सावकाश. त्यामुळे क्रम असा: काकडी, मिरची, ओलं खोबरं, दाण्याचं कूट एकत्र करून ठेवायचं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी घालायची आणि सगळे पानावर बसले की मीठ, साखर, लिंबू. मग एकदाच हलक्या हाताने कालवायचं. एवढ्या एका बदलाने कोशिंबीर वेगळीच होते.

काकडी किसूही नये. किसणीच्या दातांनी ती चेचली जाते आणि मिठाची वाट न बघताच पाणी सोडते. आमच्याकडे काकडी चोचवतात. सोललेली काकडी डाव्या हातात आडवी धरायची आणि सुरीने तिच्यावर लांबीच्या दिशेने जवळजवळ घाव घालत जायचं. काकडी थोडी थोडी फिरवायची, सगळीकडून बारीक चिरा पडल्या की सुरी आडवी करून वरचा थर तासायचा. खाली पडतात ते तुकडे सारखे नसतात, कुठे भुगा, कुठे जाडसर कण. म्हणूनच ती कालवल्यावरही कुरकुरीत राहते. सुरुवातीला हात जपून, सावकाश करावं. आणि चिरण्याआधी देठाकडचा एक तुकडा चाखून बघावा. कडूपणा असला तर तिथे सर्वात आधी कळतो, आणि कडू काकडी सरळ टाकून द्यावी.

मुळ्याचं गणित निराळं आहे. मुळा किसून, मीठ लावून घट्ट पिळून घ्यायचा, असं बरेच जण करतात. मला ते पटत नाही. मुळ्याचा झणका त्याच्या पाण्यात असतो. तो मोरीत सोडून दिल्यावर उरतो तो चोथा. त्यापेक्षा दोन तास भिजवलेली मुगाची डाळ निथळून दह्याबरोबर त्यात मिसळावी. सुटेल ते पाणी डाळ आणि दही सांभाळून घेतात, आणि डाळीचा गोडसरपणा मुळ्याच्या तिखटाला धरून राहतो. वरून मोहरी, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी. पाला कोवळा असेल तर दोन पानं बारीक चिरून त्यातच.

मोहरीचं नाव निघालं आहे तर जरा थांबते, कारण सांगायचं सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच आहे. मोहरी, मुळा, कोबी ही एकाच कुळातली. तिघांच्याही अंगात तिखटपणा तयार नसतो, तो मोडतोड झाल्यावर तयार होतो. दाणा अख्खा असतो तोवर त्यातला एक घटक आणि त्याला फोडणारं मायरोसिनेज नावाचं विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा कुटला, पाणी लागलं की दोघांची गाठ पडते आणि नाकात जाणारा झणका तयार होतो. पण हे विकर उष्णतेने मरतं. कडकडीत तेलात तडतडलेली मोहरी म्हणूनच तिखट लागत नाही, खमंग लागते. एकाच दाण्याच्या या दोन चवी आपल्या स्वयंपाकघरांनी केव्हाच ओळखल्या होत्या. फोडणीची मोहरी वेगळी आणि फेसलेली मोहरी वेगळी.

ही दुसरी मोहरी आता फार थोड्या घरांत उरली आहे आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते. माझी आजी ती दगडी खलात फेसायची. दोन चमचे मोहरी, चिमूटभर मीठ, आधी कोरडंच कुटायचं, मग चमचा चमचा गार पाणी घालत घोटत राहायचं. हळूहळू त्याचा रंग फिकट होतो, पोत मऊ होतो, वर फेस येऊ लागतो. आजी मान बाजूला करून घोटायची, तरी डोळ्यांतून पाणी वाहायचंच. डोळ्यांना पाणी आलं की मोहरी झाली, हीच तिची खूण. मिक्सरच्या छोट्या भांड्यातही हे छान जमतं, फक्त पाणी गारच हवं. गरम पाण्याने मोहरी कडवट होते आणि झणका येतच नाही. वाटल्यावर पाच-दहा मिनिटं तशीच झाकून ठेवावी आणि मगच दह्यात घालावी. झणका पुरता उठायच्या आत दही घातलं तर आंबटपणाने तो तिथेच अडतो. उठल्यावर घातलं तर तोच आंबटपणा त्याला टिकवतो.

ही मोहरी शोभते ती लाल भोपळ्याच्या भरितात. भोपळ्याच्या फोडी सालासकट वाफवायच्या, पाण्यात शिजवायच्या नाहीत. गार झाल्या की साल काढून हातानेच मोडायच्या, अगदी लगदा करायचा नाही. त्यात फेटलेलं गोडसर दही, फेसलेली मोहरी, मीठ, किंचित साखर आणि वरून तूप, जिरं, हिंग, मिरचीची फोडणी. भोपळा गोड, दही आंबट, मोहरी थेट नाकात. भोपळा म्हटलं की तोंड वाकडं करणारी मुलं हे मागून घेतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे. असंच पिकल्या केळ्याचं रायतं होतं. गोव्यात रायवळ आंब्यांचं सासव करतात, त्यात ओल्या खोबऱ्याबरोबर मोहरी वाटलेली असते. गोडाला मोहरीचा तोल द्यायचा, ही युक्ती तिथेही आहेच.

भरीत म्हटलं की खानदेशातले वाचक वांग्याचा विषय काढणार, आणि त्यांचं बरोबर आहे. मात्र तिथे भरीत डाव्या बाजूला बसत नाही, ते पानाच्या मधोमध असतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिरवट पांढरं, मोठं, कमी बियांचं हे वांगं कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात, लाकडी भांड्यात ठेचतात, आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा, शेंगदाणे पडतात. शहरात कपाशीच्या काड्या कुठून आणणार? गॅसवर भाजावं, पण आच मध्यम ठेवून, देठापर्यंत मऊ होईतो. वांगं फुटू नये म्हणून आधी दोन-चार टोचे मारावेत. भाजल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवलं की साल हाताने निघते. ते नळाखाली धरू नये, धुराची चव पाण्याबरोबर वाहून जाते.

कधी काहीच सुचत नसेल तर दोडक्याच्या शिरा आहेत. शिरा बारीक चिरून, चमचाभर तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या. त्यात तीळ, सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ घालून हाताने चुरायचं. दोडक्याची भाजी न आवडणारेही ही चटणी खातात.

मापं मी मुद्दामच कमी दिली आहेत. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने 1970 मध्ये वाटी-चमच्याचं प्रमाण दिलं आणि नवख्या हातांना केवढा तरी धीर आला; माझ्याकडची प्रत आता शिवणीतून सुटली आहे. पण डाव्या बाजूला मापापेक्षा जिभेवर जास्त अवलंबून राहावं लागतं. आजचं लिंबू कालच्यापेक्षा आंबट निघतं, दही उन्हाळ्यात लवकर चढतं, मिरची तर दर खेपेला नवीच. कालवल्यावर चाखायचं आणि जे कमी वाटेल ते घालायचं. भाचीला हेच सगळ्यात अवघड वाटतं. मी तिला सांगितलं आहे, आठवडाभर रोज एकच कोशिंबीर कर, हात आपोआप बसेल.

आणि उरली तर? काकडीची, कोबीची, मुळ्याची, कुठलीही कोशिंबीर सकाळी थालीपीठाच्या भाजणीत घालावी. रात्रभरात सुटलेलं पाणी पीठ भिजवायला पुरतं, वेगळं घ्यावं लागत नाही. मीठ आधीच पडलेलं असतं, तेवढं मात्र भाजणीत घालताना लक्षात ठेवावं.