चेंबूरचा भाव कुणाच्या जमिनीवर चढतो?

आपल्या समाजातली बँकेत, आयटीत, सरकारी खात्यात लागलेली पिढी आता मुंबईत स्वतःच्या नावावर घर घेऊ लागली आहे. याचा आम्हाला आनंदच आहे. पण गेल्या काही वर्षांत प्रश्न बदलला. 'राहायला घर कुठे घ्यावे' हे विचारणारे कमी झाले आणि 'चेंबूरला पैसे टाकले तर पाच वर्षांत किती होतील' हे विचारणारे वाढले. प्रश्न बाजाराचा आहे, तर उत्तरही आधी बाजाराच्याच हिशोबाने देऊ.

समजा, दोन कोटींचा फ्लॅट घेतला. मुंबईत घरभाड्याचे वर्षाचे उत्पन्न किमतीच्या साधारण २ ते ३ टक्के असते. महिना ५० हजार भाडे आले तरी वर्षाला सहा लाख. दीड कोटी कर्ज साडेआठ टक्क्यांनी काढले असेल तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच बारा लाखांच्या पुढे जाते. मेंटेनन्स, कर, रिकामे राहिलेले महिने वेगळेच. म्हणजे भाड्यावर हा व्यवहार तोट्याचा आहे. तो फायद्यात येतो एकाच अटीवर, ती म्हणजे जागेचा भाव सतत चढत राहिला पाहिजे.

भाव का चढतो, याचे एजंटकडे पाठ केलेले उत्तर असते. २०१३ ला पूर्व मुक्त मार्ग, २०१४ ला मोनोरेल आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता, आता मेट्रो २ बी. हे खोटे नाही. पण चेंबूर जुने, भरलेले उपनगर आहे. मोकळी जमीन तिथे कधीच संपली. मग नवे टॉवर उभे कुठे राहतात? जुन्या सोसायट्या पाडून, आर. के. स्टुडिओसारख्या जागा विकून आणि वस्त्या उठवून. पहिल्या दोन ठिकाणी जमिनीचा धनी वकील आणि आर्किटेक्ट घेऊन बिल्डरसमोर बसतो. तिसऱ्या ठिकाणी जो बसतो त्याला 'लाभार्थी' म्हणतात.

या एका शब्दात सगळे राजकारण आहे. सोसायटीवाला पुनर्विकासात जास्त चटईक्षेत्र मागतो तेव्हा तो हुशार ठरतो. वस्तीतला माणूस तेच मागतो तेव्हा 'फुकट घर मिळतेय तरी हाव सुटत नाही' असे ऐकतो. फुकट कसले? एसआरएत ३०० चौरस फुटांचे घर मिळते, आणि त्याच्या बदल्यात त्याच जमिनीवर बिल्डरला विक्रीची इमारत बांधायला मिळते. गुंतवणूकदार जो फ्लॅट बुक करतो तो अनेकदा हाच असतो. ३०० फुटांत सासू-सासरे, दोन पोरे आणि अभ्यासाला बसलेली मुलगी कुठे मावतात, हे ब्रोशरमध्ये नसते.

चेंबूरच्या छेडानगरला लागूनच घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर आहे. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध रस्त्यावर आलेल्या आपल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, दहा जण गेले. आज तीच वस्ती छेडानगरहून ठाण्याकडे जाणाऱ्या मुक्त मार्गाच्या विस्तारात येते. एमएमआरडीए आणि एसआरए मिळून तिथली आणि कामराज नगरची सोळा हजारांहून जास्त घरे पुनर्विकासात घेत आहेत. एजंटच्या भाषेत ही 'कनेक्टिव्हिटी'. आम्ही विकासाच्या विरोधात नाही. लिफ्ट, नळ आणि स्वतःचा संडास आपल्या माणसांना हवाच आहे. पण रस्त्याने चढलेला भाव कुणाच्या खात्यात जाणार, हे विचारायचा पहिला हक्क ज्यांच्या अंगणातून रस्ता जातो त्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट ब्रोशरमध्ये नसते. माहूल. चेंबूरहून काही किलोमीटरवर, तेलशुद्धीकरण कारखान्यांना खेटून. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून माणसे तिथल्या इमारतींत कोंबली. हवेच्या प्रदूषणाने आरोग्याला धोका असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ लाच म्हटले होते. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले की या लोकांना दुसरीकडे घर द्या, नाहीतर महिना १५ हजार भाडे द्या. डायमंड गार्डनजवळ राहणाऱ्याला चेंबूरची हिरवळ मिळते आणि शहराचा कचरा, धूर आणि कत्तलखाना देवनार-माहूलच्या वाट्याला येतो. उपनगर 'चांगले' ठेवायचे म्हणजे घाण कुठेतरी टाकावी लागते. हे गावकुसाचेच गणित आहे, फक्त एफएसआयमध्ये मांडलेले.

आता आपल्या गुंतवणूकदार मित्राकडे वळू. त्याने फ्लॅट घेतला, भाड्याने द्यायला काढला. एजंट विचारतो, 'फॅमिली कशी हवी? व्हेज चालेल ना?' हा प्रश्न खाण्याचा नाही, हे त्याला कळते. तरी तो 'हो' म्हणतो, कारण 'सोसायटीत चर्चा नको'. ज्या चाळणीतून आपला बाप गाळला गेला ती चाळणी आता आपल्या हातात आली, एवढाच फरक. आणि ही चाळणी कायद्याला फार टोचतही नाही. झोरोस्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजाला सभासदत्व देण्याची उपविधी वैध धरली. १९१७ मध्ये बडोद्यात पारशी धर्मशाळेतून बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले होते. आता लाठी लागत नाही, उपविधी पुरते.

पण याच बाबासाहेबांनी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे सांगितले होते: पैसे घेऊन लोकांना सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात अनुच्छेद १५(२) वाचताना हाच व्यापक अर्थ घेतला. मग जाहिरात देऊन घरे विकणारा बिल्डर दुकानदार नाही तर कोण? आपल्यातल्या वकिलांनी ही लढाई हाती घ्यावी. नुसते 'ॲट्रॉसिटी लागत नाही' म्हणून हात झटकू नयेत.

बाबासाहेबांनीही घर बांधले. परळच्या बीआयटी चाळीतून ते दादरच्या हिंदू कॉलनीत, त्या काळच्या नव्या वसाहतीत गेले आणि राजगृह उभे केले. ते पुस्तकांसाठी होते. म्हणून चांगल्या उपनगरात घर घेऊ नका असे आम्ही कधीच म्हणणार नाही. घ्या, आणि दारावर आडनाव ठळक लिहा. पण दुसरा फ्लॅट 'रिटर्न'साठी घेण्याआधी, ज्या वस्तीत तुमचे काका-मावशी अजून राहतात तिथल्या सभेला एकदा जा. तिथे तुमच्या पगारापेक्षा तुमच्या वाचता येण्याची गरज जास्त आहे.

संमतीपत्रावर ५१ टक्के सह्या झाल्या की योजना पुढे सरकते, आणि त्या सह्या बऱ्याचदा कोऱ्या कागदावर घेतल्या जातात. परिशिष्ट २ मध्ये कोण पात्र, कोण अपात्र, हे नावानिशी तपासा. भाडेकरू, विधवा, विभक्त झालेल्या सुना तिथेच गळतात. भाडे किती महिन्यांचे आगाऊ, धनादेश वटला नाही तर काय, विहाराची जागा नकाशात आहे की तोंडी, हे लेखी घ्या. बिल्डर वर्षानुवर्षे काम रखडवत असेल तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२) खाली त्याला हटवून दुसरा नेमता येतो; हे बिल्डरचा माणूस सभेत सांगणार नाही, ते तुम्ही सांगा. आणि विक्रीच्या इमारतीचा नकाशाही मागा. आपल्या जमिनीवर किती चौरस फूट विकले जाणार आहेत, तो आकडा सभेत मोठ्याने वाचून दाखवा.

जय भीम.