गुर्र...

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी माझ्या कुत्र्याला मारलं. साडेचार वर्षांत पहिल्यांदा. तेही चुकीच्या कारणासाठी. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय, म्हणून या वीकएंडला सिनेमा नाही, ट्रेक नाही, ऑफिसच्या गमतीजमती नाहीत. आज फक्त कुत्रा आणि पोरगी.

तर झालं असं. झोरो, म्हणजे आमचा जर्मन शेफर्ड, वजन छत्तीस किलो, सोफा आणि भिंत यांच्यामधल्या फटीत आडवा पडला होता. आमची कन्या, वय तेरा महिने, वजन नऊ किलो, नुकतीच धरून धरून चालायला लागली आहे. आई स्वयंपाकघरात, बायको आंघोळीला आणि अस्मादिक सोफ्यावर, हातात मोबाईल. पोरगी सोफा धरत धरत त्या फटीपर्यंत कधी पोचली ते मला कळलंच नाही. कळलं ते आवाजाने. गुर्र.

मी उडी मारून तिला उचललं आणि दुसऱ्या हाताने झोरोच्या थोबाडीत एक ठेवून दिली. तो उठला, कान पाडले, शेपूट आत घेतली आणि बाल्कनीत जाऊन बसला. पोरीला ओरखडासुद्धा नव्हता, पण ती भोकाड पसरून रडायला लागली. बहुतेक माझ्या ओरडण्यामुळे. आई हातातली उलथनी घेऊनच बाहेर आली. "हे कुत्रं उद्याच्या उद्या मामाकडे वस्तीवर पाठव." बायको ओल्या केसांनी धावत आली आणि तिने एकच प्रश्न विचारला, "अरे, पण तू कुठे होतास?"

सोफ्यावरच होतो की!

रात्री सगळे झोपल्यावर हॉलमधल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. सवयच ती, काही फाटलं की आधी लॉग बघायचे. आणि बघतो तर काय, सगळं प्रकरण चांगलं वीस-बावीस सेकंद चाललं होतं. पोरीने कान धरला, झोरोने मान दुसरीकडे फिरवली. तिने परत धरला, त्याने ओठावरून जीभ फिरवली. मग जांभई दिली. झोपेतून उठल्यावर देतो तशी नव्हे, घाईघाईची, अर्धवट. मग तिने कान ओढला. त्याचं अंग ताठ झालं, तोंड गच्च मिटलं, मान न हलवता तो डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे बघत राहिला, पांढरं बुबुळ दिसेपर्यंत. उठून जायला जागा नव्हती, एका बाजूला भिंत, एका बाजूला सोफा आणि समोर ती. मग तो गुरगुरला. म्हणजे वीस सेकंद तो बिचारा त्याच्या भाषेत विनवण्या करत होता, आणि घरातला एकुलता एक इंजिनिअर रील्स बघत होता.

मान फिरवणं, ओठ चाटणं, जांभई, ताठरणं, गुरगुरणं, हवेत चावा आणि मग खरा चावा. कुत्रा साधारण असाच पायरी पायरीने चढत जातो. दर वेळी सगळ्या पायऱ्या घेतो असं नाही, पण बहुतेक वेळा आधी सांगतो. गुरगुरल्याबद्दल मार बसला की तो काय शिकतो? पोरगी आवडायला लागते असं तर नाहीच. ती जवळ आली की मार बसतो हे शिकतो, आणि पुढच्या वेळी गुरगुरायचं नाही हे शिकतो. म्हणजे मधली पायरी गेली. पहाटे तीनला प्रॉडक्शनचा अलर्ट वाजला म्हणून तो म्यूट करून परत झोपणारा माणूस आमच्या टीममध्ये असता तर मी त्याची काय सालटी काढली असती! आणि मी घरी नेमकं तेच केलं.

लहान मुलांना चावणारे कुत्रे रस्त्यावरचे असतात असा आपला एक समज आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न आहेच, नाही कोण म्हणतं? पण अगदी लहान मुलांच्या बाबतीत चावणारा कुत्रा बऱ्याचदा ओळखीचा असतो, घरातला किंवा नातेवाइकांकडचा, आणि प्रसंगही साधाच असतो. मिठी मारली, जेवताना जवळ गेलं, झोपेत अंगावर पडलं. मुलाची उंचीच अशी, की चावा पायाला न बसता चेहऱ्याला बसतो.

आता या जातीबद्दल. १८९९ साली जर्मनीत माक्स फॉन श्टेफानिट्स नावाच्या घोडदळातल्या अधिकाऱ्याने एका प्रदर्शनात एक कुत्रा पाहिला, तो विकत घेतला आणि तिथून जर्मन शेफर्डची नोंदणी सुरू झाली. नावातच मेंढपाळ आहे. दिवसभर कळपाभोवती धावायचं, फुटलेली मेंढी वळवून आणायची, गरज पडली तर दात लावून. रॉटवायलर हा रॉटवाइल गावच्या खाटकांचा, गुरं हाकणारा आणि गाडा ओढणारा. बेल्जियन मॅलिन्वासुद्धा मुळात मेंढ्यांचाच. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने याच गोष्टींसाठी निवड केली: जे पळेल त्याच्यामागे पळ, वळव, अडव. आणि मग आपण तो प्राणी दोन बीएचकेमध्ये आणतो आणि पॅसेजमधून किंचाळत पळणाऱ्या पोराच्या पोटरीला त्याने दात लावले की म्हणतो, डेंजर निघाला! त्याच्या लेखी त्याने फुटलेली मेंढी वळवली.

माझं आजोळ जतकडचं. मामाच्या वस्तीवर शेरडं-मेंढरं, आणि त्यांच्यासोबत कायम एक-दोन कुत्री. मे महिन्यात आम्ही सात-आठ पोरं तिथे धुडगूस घालायचो, पण कुत्र्याच्या गळ्यात पडलेलं कोणी आठवत नाही. कुत्र्याला भाकरी आजीच टाकायची, गोठ्याच्या मागे. तिकडे कोणी फिरकलं की तिचा आवाज यायचा, "जेवू दे की रं त्येला!" कुत्र्याचं काम रात्रीचं, त्यामुळे दिवसा तो झोपलेला असला की त्याच्या वाटेला जायचं नाही. हे कोणी समजावून वगैरे सांगितलं नव्हतं. गरम तव्याला हात लावायचा नाही, तसंच ते.

गावाकडे सगळं कसं छान होतं, हा सूर मला लावायचा नाही. मामाला स्वतःला लहानपणी कुत्रा चावला होता आणि पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली होती, ती गोष्ट तो अजून शर्ट वर करून सांगतो. (तसली लस आपल्याकडे २००४-०५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात घेतात. पण नियम तोच: चावा किंवा ओरखडा, घरच्या लस दिलेल्या कुत्र्याचा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद-चुना काही लावत बसायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय उरत नाही.) मुद्दा एवढाच, की वस्तीवर कुत्र्याला काम होतं आणि स्वतःची जागा होती. आम्ही शहरात त्याला 'आमचं पहिलं बाळ' केलं, वाढदिवसाला टोपी घातली आणि या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या.

ऑफिसातला एक मित्र सध्या मॅलिन्वा घ्यायच्या मागे आहे. घरी तीन वर्षांचा मुलगा, अकराव्या मजल्यावर फ्लॅट, नवराबायको दोघं नोकरीला. कारण विचारलं तर म्हणे, २०११ मध्ये ओसामाच्या मोहिमेवर अमेरिकन कमांडोंबरोबर हाच कुत्रा होता. बरोबर आहे, होता. कैरो नाव त्याचं. पण बाबा रे, तुझ्या हॉलमध्ये कुठली मोहीम आहे? दिवसाचे दहा तास कोंडून ठेवलेला मॅलिन्वा स्वतःची मोहीम स्वतः शोधतो. मी त्याला स्पष्ट सांगितलं, घेऊ नकोस. पोरगा आठ-दहा वर्षांचा होऊ दे, मग बघू. दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेवीस जातींवर बंदी घाला असं पत्र राज्यांना पाठवलं होतं, रॉटवायलर आणि पिटबुलसकट. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. मजा म्हणजे त्या यादीत जर्मन शेफर्ड नव्हता आणि मॅलिन्वाही नव्हता. म्हणजे कागदोपत्री झोरो अगदी निरुपद्रवी. माझ्या पोरीचा कान-ओढ कार्यक्रम त्या यादीने थांबला असता का?

सोमवारी झोरोला डॉक्टरांकडे नेलं. मनात थोडं असंही होतं, की हे म्हणतील स्वभाव बिघडला, ठेवू नका. डॉक्टरांनी उजव्या कानात टॉर्च मारला, वास घेतला आणि मला बोलावून दाखवलं. आतून लाल, तपकिरी मळ, चांगलं आठ-दहा दिवसांचं इन्फेक्शन. "हा कान कोणी ओढला तर तुम्ही काय केलं असतं?" एवढंच बोलले. पोरीने तोच कान धरला होता. आणि मी थोबाडीत दिली होती तीही त्याच बाजूला. परत येताना गाडीत तो माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसला होता, नेहमीसारखा. मला सिग्नलला दोन मिनिटं काही दिसेना. असो.

त्या आठवड्यात घर बदललं. म्हणजे फ्लॅट तोच, मांडणी बदलली. सोफा भिंतीला चिकटवला, ती फट संपली. कुत्र्याला मागे सरकायला वाट नसेल अशी एकही जागा ठेवली नाही. पॅसेजच्या तोंडाशी बेबी गेट लावलं, पलीकडच्या छोट्या खोलीत झोरोचं अंथरूण. तिथे पोरगी जात नाही, कधीच नाही. जेवणाचं भांडं बाल्कनीत, दार बंद, तो उठून गेल्यावर भांडं उचलायचं. आणि सगळ्यात अवघड नियम माझ्यासाठी: दोघं एका खोलीत असतील तर एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर, मोबाईल दुसऱ्या खोलीत. आंघोळीला जायचंय, दूध उतू चाललंय, कॉल आलाय, तर गेट बंद. झोरो चांगला आहे म्हणून उघडं ठेवायचं नाही. चांगल्या सर्व्हरचाही आपण बॅकअप घेतोच ना?

हात लावायचा तर तिचा हात माझ्या हातात, त्याच्या खांद्यापाशी, दोनदा फिरवायचा आणि थांबायचं. तो सरकून जवळ आला तर परत. उठून गेला तर टाटा. सकाळचा वेताळ टेकडीचा फेरा वीस मिनिटांवरून पाऊण तासावर नेलाय, आणि संध्याकाळी बायको घरभर खाऊचे तुकडे लपवते, ते तो नाकाने शोधत फिरतो. तेवढ्याने टेकडीच्या फेऱ्यापेक्षा जास्त दमतो असं दिसतंय.

एवढं करणं प्रत्येक घरात जमेल असं नाही. जिथे जमत नाही तिथे कुत्र्याला दुसरं चांगलं घर बघणं यात मला काही पाप वाटत नाही. आईचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. तिला मी तीन महिने मागितलेत. त्यातला एक संपला.

काल संध्याकाळी पोरगी गेटच्या अलीकडे बसून "भू भू" करत होती. झोरो पलीकडे, गेटपासून चार हात लांब, पुढच्या पंजांवर डोकं ठेवून. आई तिथेच पाटावर बसून मेथी निवडत होती, चष्म्यावरून दोघांकडे बघत. मी विचारलं, चहा टाकू का? तर म्हणाली, "टाक. पण आधी त्याच्या कानात थेंब घाल, सात वाजून गेले."