ग्वादालाहारा: नाव ठेवलं, माणसं हाकलली

ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहराचं नाव अरबी, म्हणजे बघा आपण कुठवर पोचलो होतो! कामामुळे तिथल्या टीमशी माझं रोज बोलणं असतं, म्हणून तो मला तिघांनी पाठवला. तिघांनाही हेच उत्तर.

नाव अरबी आहे, हे खरं. वादी अल-हिजारा, दगडांची दरी. हजर-ए-अस्वदमधला जो हजर, त्याचंच हे अनेकवचन. (वादीचा आपल्या वाडीशी संबंध नाही. तोही फॉरवर्ड येऊन गेलाय.) पण हे मूळ गाव स्पेनमधलं, माद्रिदच्या ईशान्येला. १०८५ मध्ये ते कॅस्टिलच्या राजाकडे गेलं. पुढे साडेचारशे वर्षांनी ते नाव मेक्सिकोत नेलं कुणी? नुन्यो दे गुझमान नावाच्या स्पॅनिश सरदाराच्या माणसांनी, कारण त्याचा जन्म त्या गावचा. १५३२ ची गोष्ट. या गुझमानने वाटेतली गावं जाळली, तिथल्या मूळ रहिवाशांना गुलाम करून विकलं. इतकं, की शेवटी स्पेनच्या सरकारनेच त्याला कैद केलं. यात 'आपण' कुठे आलो? व्हेरिएबलचं नाव तेच, आतली व्हॅल्यू पार बदललेली.

आणि ज्यांच्या भाषेतलं हे नाव, त्यांचं काय झालं? १५६७ मध्ये राजा दुसऱ्या फिलिपने ग्रानादात अरबी भाषा, पोशाख आणि माणसांची अरबी नावंही बंद केली. गावाला अरबी नाव चाललं, पोराला चाललं नाही. १६०९ ते १६१४ मध्ये सुमारे ३ लाख मोरिस्को देशाबाहेर घातले गेले. मुस्लिमांचे हे वंशज बाप्तिस्मा घेतलेले होते, तरीही. पाट्या जागच्या जागी राहिल्या. पाटी राहिली म्हणजे आपण राहिलो, असं मानणाऱ्यांनी हा हिशोब एकदा मांडून बघावा.

नातं सांगायचंच असेल तर अरागॉनच्या मोरिस्कोंशी सांगा. त्यांच्यातले बहुतेक अरबी विसरले होते, घरात शेजाऱ्यांचीच भाषा बोलायचे. तीच भाषा अरबी लिपीत लिहून त्यांनी दुआ, मसाइल, किस्से जपले. १८८४ मध्ये आल्मोनासिद दे ला सिएरा गावात एक जुनं घर पाडताना खोट्या जमिनीखाली अशा पोथ्यांचा साठा सापडला. लपवणारे परत येऊ शकले नव्हते. याचा फॉरवर्ड मला अजून कुणी पाठवलेला नाही.