बाहुल्यांचा भाव

मंडळी, गेल्या अंकात कैरीच्या लोणच्यावर लिहिलं तेव्हा बऱ्याच जणींचे फोन आले. या वेळचा विषय ऐकून आमचे हे म्हणाले, "हे कोण वाचणार?" पण मला खात्री आहे, तुमच्यापैकी निम्म्यांच्या बेसमेंटमध्ये हा विषय एखाद्या खोक्यात धूळ खात पडला असेल. मुलांचे ते पावणेचार इंची प्लास्टिकचे बाहुले! पण बाहुले म्हणायची सोय नाही. १९६४ साली हासब्रो कंपनीने जी. आय. जो बाजारात आणला तेव्हा त्यांनाही हीच काळजी होती की मुलगे 'डॉल' घेऊन खेळायचे नाहीत. म्हणून त्यांनी नवा शब्द काढला, अ‍ॅक्शन फिगर. आमच्या थोरल्यालाही 'तुझी बाहुली उचल' म्हटलं की राग यायचा.

निमित्त असं झालं की आम्ही घर विकायला काढलंय. दोघांना चार बेडरूमचं घर काय करायचंय? आणि त्याच सुमारास मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, एका गृहस्थांनी मला गाठलं. "वहिनी, तुमच्या मुलाकडे स्टार वॉर्सचं सगळं होतं ना? टाकू नका हं! बोबा फेट सव्वापाच लाख डॉलरला गेला!" माझ्या हातातली मसालेभाताची प्लेट तिरकी झाली.

घरी येऊन आधी ती बातमी तपासली. बातमी खरी होती, पण अर्धीच. २०२४ साली लिलावात ५,२५,००० डॉलरला गेला तो बाहुला दुकानात कधी आलाच नव्हता. तो कंपनीच्या आत तयार केलेला, हाताने रंगवलेला नमुना होता. त्याची गोष्ट मला चांगली ठाऊक होती, कारण तिचं एक टोक आमच्या स्वयंपाकघरात होतं.

आम्ही राहतो ओहायोत, सिनसिनाटीजवळ, आणि हे बाहुले काढणारी केनर कंपनी सिनसिनाटीचीच. स्टार वॉर्स चित्रपट आला मे १९७७ मध्ये. तो इतका चालेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे नाताळापर्यंत खेळणी तयार होईनात. मग केनरने काय करावं? पुठ्ठ्याचं पाकीट विकलं! आत एक देखावा, स्टिकर आणि एक कुपन. कुपन पाठवा, बाहुले पुढच्या वर्षी घरपोच. आमचे हे म्हणाले, रिकामं खोकं विकत घ्यायला मी काय येडा आहे? आज ते खोकं कुपनासकट असेल तर संग्राहक त्याच्या मागे धावतात.

१९७८ मध्ये पहिले बारा बाहुले आले. १९७९ साली जाहिरात आली, चार पाकिटांवरचे खरेदीचे पुरावे कापून पाठवा, बोबा फेट फुकट मिळेल, पाठीवर उडणाऱ्या रॉकेटसह. मी स्वतः कात्री घेऊन ती चार कार्डं कापली, पाकिटाला तिकीट लावलं. पण त्या सुमारास दुसऱ्या एका कंपनीच्या अंतराळयानातला असाच बारका बाण घशात अडकून एक मूल दगावलं होतं. केनरने विचार बदलला आणि रॉकेट पक्कं चिकटवून बाहुला पाठवला, सोबत खुलाशाची चिठ्ठी. थोरला हिरमुसला. मी आई, मला तो निर्णय पटला. उडणारं रॉकेट असलेले नमुने कंपनीत तेवढे राहिले. त्यांच्या पाठीवरची खाच काहींत इंग्रजी एलसारखी, काहींत जेसारखी असते, आणि आज त्यांच्या नकला ढिगाने आहेत. गंमत म्हणजे, "माझ्याकडे उडणारा होता" असं शपथेवर सांगणारे चाळिशी-पन्नाशीचे पुरुष तुम्हाला ठिकठिकाणी भेटतील. आमचा थोरलाही त्यातलाच. खुलाशाची चिठ्ठी मी त्याला वाचून दाखवली होती, तरीसुद्धा!

असो. बेसमेंटमधून दोन गोष्टी निघाल्या. एक, डॅनिश बिस्किटांचा निळा गोल डबा. (आपल्याकडे त्यात सुई-दोरा निघतो, आमच्याकडे बाहुले निघाले.) आत थोरल्याची तेवीस मंडळी. आणि दुसरं, दोन मोठी खोकी, अगदी टेप लावलेली. त्या खोक्यांबद्दल नंतर सांगते, कारण ते सांगायला मला जरा धीर गोळा करावा लागणार आहे.

डबा घेऊन मी खेळण्यांच्या एका बाजारात गेले. तिथे एक म्हातारे विक्रेते, चष्म्यावर भिंग लावून बसलेले. त्यांनी तासभर मला शिकवलं. बाजारात गर्दी नव्हती हे माझं नशीब.

त्यांनी पहिल्यांदा बाहुला उलटा केला. मला एकदम बरं वाटलं, कारण पैठणी घेताना आपण तरी काय करतो? पदर आधी उलटा करून बघतो. बाहुल्याच्या पायाच्या मागे बारीक अक्षरं असतात. सुरुवातीच्या बाहुल्यांवर 'जी. एम. एफ. जी. आय. १९७७', म्हणजे केनरची तेव्हाची मालक जनरल मिल्स, आणि बऱ्याचदा खाली हाँगकाँग. नंतरच्यांवर 'एल. एफ. एल.', म्हणजे लुकासफिल्म. ते साल हक्काचं असतं, बाहुला त्याच साली तयार झाला असं नाही. सुट्या बाहुल्याचं साल वाचून हुरळून जाऊ नये.

मग अंग तपासायचं. हे बाहुले पाच ठिकाणी हलतात, मान, दोन खांदे, दोन मांड्या. टेबलावर उभा राहतो का? हात वर केला तर वर राहतो का, की लुळा पडतो? रंग आधी उडतो तो नाकाच्या शेंड्यावर, केसांवर आणि बुटांवर. सोनेरी सी-थ्रीपीओचा मुलामा घासून निघतो, आर-टू-डी-टूच्या पोटावरचा कागद सुटतो. पांढरे स्टॉर्मट्रूपर पिवळे पडतात, आमचे तर जुन्या दातांसारखे झालेत. मी विचारलं, घरी काही लावून पांढरे करू का? त्यांनी भिंगातून माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवाची मूर्ती व्हिमने घासते म्हणाले. रसायनाने पांढरा केलेला बाहुला जाणकाराला ओळखू येतो आणि पिवळेपणा परतही येऊ शकतो. कोमट पाणी आणि सौम्य साबण, बस. कागद चिकटवलेला असेल तर तेही नको.

खरी किंमत हत्यारात असते. बोटाच्या पेराएवढी पिस्तुलं, जी आमच्या व्हॅक्यूम क्लीनरने किती गिळली देव जाणे! हत्याराशिवाय बाहुला म्हणजे झाकणाशिवाय डबा, भाव निम्म्याहून खाली येतो. म्हणून नकली हत्यारं उदंड झाली. काही लोक पाण्यात टाकून बघतात, जुनं अस्सल बहुधा तरंगतं, नकली बहुधा बुडतं. पण आमचे गुरुजी या परीक्षेवर विसंबत नाहीत, ते अस्सल शेजारी ठेवून कडा ताडून बघतात. ल्यूक, व्हेडर आणि ओबी-वान या तिघांची तलवार हातातून सरकून बाहेर येते, आणि तिचं बारीक टोक हमखास मोडलेलं असतं. अगदी पहिल्या काही बाहुल्यांत ही तलवार दोन टप्प्यांत लांब व्हायची. तशी शाबूत सापडली तर नशीबच. आमच्या व्हेडरला टोक नाही. ते थोरल्याने चावलंय, दातांच्या खुणा आहेत.

आता माझ्या हुकमाच्या पत्त्याकडे येते. घरी वाचलं होतं की जावा नावाचा जो बुटका बाहुला आहे, त्याला पहिल्यांदा व्हिनिलचा अंगरखा होता, मग कंपनीने तो बदलून कापडाचा केला. व्हिनिलवाला दुर्मिळ, भाव हजारांत. आणि आमच्या डब्यातल्या जावाला व्हिनिलचा अंगरखा होता! रात्रभर मी मनातल्या मनात नव्या घराचं स्वयंपाकघर लावत होते.

म्हाताऱ्यांनी जावा हातात घेतला, अंगरख्याची कड भिंगाखाली धरली आणि शांतपणे विचारलं, "यात ओबी-वान आहे का?" होता. उघडाबोडका. अंगरखा गायब. ओबी-वानचा व्हिनिलचा अंगरखा कापून जावाला घालणं ही या धंद्यातली सर्वात जुनी लबाडी, म्हणाले. पण ही लबाडी नाही, कारण लबाड माणूस नागमोडी दातांच्या कात्रीने कापणार नाही.

ती कात्री माझी होती. शिवणाची. जावाचा कापडी अंगरखा हरवला असणार, आणि लेकराने आपल्या परीने त्याची सोय केली होती. मी तिथे उभी राहून इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

सीलबंद मालाचं शास्त्र वेगळं. तिथे बाहुल्याइतकाच पुठ्ठा महत्त्वाचा. कोपरे दुमडलेत का, टांगायचं भोक फाडलंय का, प्लास्टिकचा फुगा पिवळा आहे की दबलेला, आणि मुख्य म्हणजे तो उघडून परत चिकटवलाय का. पुठ्ठ्यामागे बाराच बाहुल्यांची चित्रं असतील तर ते पाकीट पहिल्या खेपेचं. अ‍ॅक्शन फिगर ऑथॉरिटीसारख्या संस्था शंभरपैकी गुण देऊन वस्तू पारदर्शक पेटीत बंद करून देतात. त्याची फी पडते, तेव्हा दहा डॉलरच्या बाहुल्यासाठी तो उद्योग करू नये. आणि भाव बघायचा तो विकल्या गेलेल्या मालाचा. मागणारा काय, चंद्रही मागेल.

जाता जाता, ज्यांची मुलं सुट्टीत पुण्या-मुंबईला जाऊन जी. आय. जो घेऊन आली असतील त्यांच्यासाठी. १९८७ साली सुरू झालेल्या फनस्कूलने ते भारतात काढले, त्यांचा कारखाना गोव्यात. साचे हासब्रोचे, पण काहींचे रंग इथल्यापेक्षा इतके वेगळे, की अमेरिकन संग्राहक मुद्दाम विचारत येतात. त्यांच्या पोटातलं रबर वाळून तुटलं असेल तर घाबरू नका, ते स्वस्तात बदलता येतं. अंगठा मोडला असेल तर मात्र इलाज नाही.

आता ती दोन खोकी. १९९०च्या दशकात जुन्या बाहुल्यांचे भाव पेपरात छापून यायला लागले तेव्हा मला फार हळहळ वाटली होती, आपण कार्डं कापली, मुलाने पिस्तुलं हरवली. म्हणून ३ मे १९९९ च्या मध्यरात्री, नव्या चित्रपटाची खेळणी विक्रीला आली तेव्हा, मी रांगेत उभी राहिले. जवळजवळ सगळे पुरुष, आणि पंजाबी ड्रेसवर जाकीट घातलेली मी. साठ पाकिटं घेतली, चारशे डॉलर मोजले. आमचं शेंडेफळ तेव्हा नऊ वर्षांचं. तिने सकाळी ती रास पाहिली आणि अमिडाला राणीचं पाकीट उचललं. "आई, फक्त ही एक?" मी ते तिच्या हातातून काढून घेतलं आणि म्हटलं, "हात लावायचा नाही. हे तुझं कॉलेज आहे."

पुढे दोन-तीन वेळा तिने विचारलं. मग विचारायची थांबली.

म्हाताऱ्यांनी खोकी उघडायचीही तसदी घेतली नाही, वरचं साल वाचलं. "बाई, १९७८ साली कोणीच जपून ठेवलं नाही. पोरांनी चावले, मातीत पुरले, आयांनी टाकून दिले. १९९९ साली सगळ्यांनीच जपून ठेवलं." कंपनीनेही अमाप काढले होते. एकेका पाकिटाचे तीन डॉलर, तेही घेणारा मिळाला तर. चावलेल्या, पिवळ्या, उघड्याबोडक्या डब्याचे मात्र त्यांनी एकशे साठ डॉलर देऊ केले. थोरल्याला फोन केला तर म्हणाला, जावाला विकू नकोस. म्हणजे डबा तसाच परत आला.

रात्री मुलीला फोन लावला. भाव सांगितला. मला वाटलं ती हसेल, तिच्या कॉलेजच्या कर्जाचे हप्ते तिने आत्ताआत्ता फेडलेत. ती हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "ती राणी आहे का गं अजून?"

दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. खोक्यातली जागा वाया कशाला घालवायची म्हणून बाजूने दोन पुड्या चिवड्याच्या कोंबल्या. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, आतल्या वस्तूची किंमत किती लिहू? मी तीन डॉलर म्हटलं. पोस्टाचे त्याच्या चौपट झाले.